उन्हाळ्याचा पूर्वअंदाज : वाळवंट आणि किनारा

लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सरोजिनी नगर लागते. तेथील अमौसी विमानतळाच्या परिसरात भारतीय हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे. पहाटे आणि सायंकाळी, भारतीय वेळेनुसार साडेपाचच्या निरीक्षणासाठी, येथून वायूने भरलेला एक फुगा आकाशात सोडला जातो. त्याला बांधलेले छोटेसे उपकरण वर जाताना हवेचा दाब, तापमान आणि आर्द्रता यांची नोंद बिनतारी संदेशाने खाली पाठवीत राहते. हा फुगा कोणत्या दिशेला वाहत गेला, यावरून वरच्या थरांतील वारा कळतो. मे महिन्यात हा फुगा बहुधा पूर्वेकडे जातो, कारण वारा पश्चिमेकडून येत असतो. स्थानिक लोक या वाऱ्याला पछुआ म्हणतात आणि दुपारी त्याला झळांचे रूप आले की ‘लू’ म्हणतात.

वाळवंट आणि समुद्रकिनारा यांच्या उन्हाळ्याचा विचार लखनौपासून सुरू करावा, हे वाचकाला चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. या शहराला समुद्र नाही आणि वाळूही नाही. परंतु नकाशावर अंतरे मोजून पाहावीत. येथून पश्चिमेला जैसलमेर सुमारे एक हजार किलोमीटरवर आहे आणि आग्नेयेला बंगालचा उपसागर सुमारे नऊशे किलोमीटरवर. पछुआ वाहू लागला म्हणजे थरच्या वाळवंटातील कोरडी हवा शहरात येऊन दाखल होते. पुरवैया, म्हणजे पूर्वेचा वारा, सुटला की उपसागराची ओल येते. एकाच उन्हाळ्यात, एकाच घराच्या अंगणात, वाळवंट आणि किनारा दोन्ही येऊन जातात. म्हणूनच या दोहोंतील भेद समजून घेण्यासाठी याहून सोयीची जागा सापडणे कठीण.

प्रथम वाळवंटाचा विचार करू. सुकी वाळू तापविण्यास फार थोडी उष्णता लागते. तेवढ्याच वजनाच्या पाण्याला तितकेच तापविण्यासाठी सुमारे पाचपट उष्णता द्यावी लागते. वाळूच्या कणांमध्ये हवा असल्याने वरची उष्णता खोलवर झिरपत नाही; ती वरच्या काही सेंटिमीटरांच्या थरात साठते आणि त्या थराला टेकलेली हवा भाजून निघते. आकाश निरभ्र असते. बाष्पीभवनात उष्णता खर्ची पडावी, तर जमिनीत ओल नसते. परिणामी १९ मे २०१६ रोजी राजस्थानातील फलोदी येथे ५१.० अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. भारतातील विश्वसनीय नोंदींत हा उच्चांक मानला जातो. चुरू येथे १ जून २०१९ रोजी पारा ५०.८ अंशांपर्यंत गेला होता आणि याच चुरूत हिवाळ्यातील काही रात्री तो शून्याखाली उतरतो. ज्या कोरड्या, स्वच्छ हवेतून दिवसा ऊन बिनअडथळा खाली येते, त्याच हवेतून रात्री जमिनीची उष्णता अवकाशात निघून जाते. सिंध आणि पश्चिम राजस्थान यांवरील तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व तेथे कमी दाबाचे क्षेत्र तयार होते. त्याच्या आसपास वायव्येकडून आलेले वारे राजस्थान ओलांडून गंगेच्या मैदानात शिरतात. लू ती हीच.

किनाऱ्याची रीत निराळी आहे. समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. मे महिन्यात मुंबईनजीकच्या समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान ३० अंशांच्या आसपास असते आणि दिवसरात्र त्यात फारसा फरक पडत नाही. जमीन मात्र सकाळी दहा-अकरापर्यंत समुद्राहून अधिक तापते आणि मग समुद्राकडून खारे वारे वाहू लागतात. रात्री जमीन निवली की मतलई वारे उलट दिशेने जातात. या दैनंदिन ये-जा करणाऱ्या वाऱ्यांच्या भरवशावर कोकणपट्टी जगते. मे महिन्यात मुंबईचे सरासरी कमाल तापमान ३३ अंशांच्या घरात राहते, तर लखनौचे चाळिशीला टेकलेले असते. केवळ हे आकडे पाहणारा मनुष्य मुंबईकराचा हेवा करील.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मुंबईतील तापमानाचे मोठे आकडे मे महिन्यातले नाहीत. सांताक्रूझ येथे २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश तापमान होते आणि १६ मार्च २०११ रोजी ते ४१.६ अंशांवर गेले. मार्चमध्ये दख्खनच्या पठारावरून पूर्वेचा कोरडा वारा कधी कधी जोरात वाहतो. ही हवा सह्याद्रीवरून सहाशे मीटर खाली उतरली तर नुसत्या दाबानेच, किलोमीटरला दहा अंश या हिशेबाने, सहा अंशांनी तापते. शिवाय ती खाऱ्या वाऱ्याला अडवून धरते. खारा वारा अकराऐवजी दुपारी दोन-तीन वाजता आत शिरला, तर तोपर्यंत शहर भाजून निघालेले असते. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या भिऱ्यासारख्या गावांना हा प्रकार चांगलाच परिचयाचा आहे. हापूसच्या बागांनाही तो परिचयाचा आहे, कारण सुपारीएवढी झालेली कैरी अशाच दिवसांत गळते. अशा वेळी किनाऱ्यावर वाळवंटच अवतरलेले असते. लखनौला पुरवैया समुद्र आणून देतो, तसा हा वारा कोकणाला पठाराचा कोरडेपणा आणून देतो. म्हणजे ‘वाळवंट’ आणि ‘किनारा’ ही नकाशावरील ठिकाणे असली, तरी उन्हाळ्याच्या दृष्टीने ते हवेचे दोन प्रकार आहेत आणि वारा फिरला की त्यांची ठिकाणे बदलतात.

या दोन हवांचा मनुष्यावर होणारा परिणाम तापमापकाच्या एका आकड्यात मावत नाही. तो मोजण्यासाठी हवामानशास्त्रज्ञ दोन तापमापक शेजारी ठेवतात. एकाचा फुगा उघडा असतो, दुसऱ्याच्या फुग्यावर ओले मलमल गुंडाळलेले असते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. हवा जितकी कोरडी, तितके मलमलातील पाणी झपाट्याने उडते आणि ओल्या फुग्याचे तापमान तितके खाली जाते. हवा दमट असेल तर दोन्ही तापमापकांतील फरक थोडा राहतो.

उत्तर हिंदुस्थानातील गृहिणीला हे तत्त्व शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावायचे, त्यांवर पाणी शिंपडत राहायचे आणि लूला त्यांतून आत येऊ द्यायचे, ही जुनी वहिवाट होय. आजचा कूलर हा त्याच पडद्याला पंखा जोडून केलेला. सरोजिनी नगरातील एका घरात मे महिन्याच्या दुपारी बाहेर ४४ अंश तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता आहे, असे समजू. त्या वेळी ओल्या फुग्याचे तापमान २३ अंशांच्या आसपास येईल. साधारण बरा कूलर कोरड्या व ओल्या तापमापकांतील अंतराचा चार-पंचमांश भाग काटतो. म्हणजे आत येणारी हवा २७ अंशांची, १७ अंशांनी थंड. आता जूनचा शेवटचा आठवडा घ्या. पुरवैया सुटला आहे, तापमान ३६ वर उतरले आहे आणि आर्द्रता ६५ टक्के झाली आहे. ओला फुगा ३० अंश दाखवील आणि तोच कूलर हवा जेमतेम ३१ अंशांपर्यंत आणील, तीही चिंब ओली. घर तेच, यंत्र तेच; बाहेर पारा आठ अंशांनी उतरलेला आणि तरीही माणसे आत घामाने निथळत आहेत. कोकणात वाळ्याचे पडदे का लावीत नाहीत आणि मुंबईच्या घरांत कूलर का नांदत नाही, याचे उत्तर येथे मिळते.

मनुष्याचे शरीर हेही एक ओला फुगाच आहे. त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल तोवर थोडी उष्णता आपोआप बाहेर जाते; त्यापलीकडे घामाचे बाष्पीभवन हाच एक मार्ग उरतो. ४४ अंशांच्या कोरड्या हवेत घाम उत्तम उडतो, पण शरीरातील पाणी व क्षार भराभर संपतात आणि गरम वारा उलट अंगात उष्णता घालतो. तहान भागली नाही तर मनुष्य कोसळतो. ३४ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असलेल्या किनारी हवेत ओल्या फुग्याचे तापमान २९ अंश होते, म्हणजे वरील वाळवंटी दुपारपेक्षा सहा अंशांनी अधिक. तेथे घाम येतो, परंतु उडत नाही. पाणी कितीही प्यायले तरी शरीर निवण्याचा मार्गच अरुंद झालेला असतो. ओल्या फुग्याचे तापमान ३५ अंशांवर गेले तर निरोगी, सावलीत बसलेला मनुष्यही फार तास तग धरू शकत नाही, असे गणित २०१० मध्ये मांडले गेले. त्यानंतर माणसांवर झालेल्या प्रयोगांवरून ही मर्यादा प्रत्यक्षात आणखी खाली असावी, असे दिसते. काम करणाऱ्या, वृद्ध किंवा आजारी माणसाची मर्यादा तर फारच अलीकडे असते. दोन्हीकडे पन्हे पितात, लखनौतही आणि रत्नागिरीतही. पण लखनौतील पेला शरीराची झीज भरून काढतो, रत्नागिरीतील पेल्याला तेवढे साधत नाही.

हे केवळ पुस्तकी नव्हे. १९९८ च्या उन्हाळ्यात ओडिशा या किनारी राज्यात उष्णतेने दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. तोवर ओडिशाला भीती होती ती चक्रीवादळाची. त्यानंतर राज्याने उन्हाळ्यालाही आपत्ती मानून तयारी सुरू केली. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे एका जाहीर समारंभासाठी प्रचंड जनसमुदाय भर उन्हात तासन्‌तास बसला होता. उष्माघाताने दहाहून अधिक लोकांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातील तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. बाडमेर किंवा जैसलमेरमध्ये एप्रिलच्या मध्याला हा आकडा कोणी बातमी म्हणूनही ऐकला नसता.

अशा उन्हाळ्याचे भाकीत आधी करता येते काय? हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली आणि १८८६ मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फावरून पावसाळ्याचे पहिले अधिकृत भाकीत केले. १९०४ ते १९२४ या काळात खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या वायुभाराच्या नोंदी चाळून प्रशांत महासागराच्या दोन बाजूंमधील हेलकाव्याचा शोध लावला. खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अद्याप ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. हा सारा खटाटोप पावसासाठी होता. पाऊस न आला तर सारा बुडतो आणि दुष्काळ पडतो, हे सरकारला कळत होते. उन्हाने माणसे मरतात, ती एकेकटी, घराघरांतून आणि बांधाबांधांवर, आणि त्यांची मोजदाद होत नाही. एप्रिल ते जून या काळातील तापमानाचा हंगामी अंदाज प्रसिद्ध होऊ लागला तो २०१६ मध्ये, म्हणजे पावसाच्या पहिल्या अधिकृत भाकितानंतर तब्बल १३० वर्षांनी.

हा अंदाज कसा वाचावा, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. महासागर आणि वातावरण यांचे एकत्रित गणित संगणकावर मांडतात. आरंभीच्या स्थितीत किंचित फरक करून तेच गणित अनेक वेळा सोडवितात आणि आलेल्या उत्तरांचा कल पाहतात. गेल्या तीस वर्षांतील उन्हाळे तापमानाप्रमाणे ओळीने मांडले, तर दहा थंड, दहा मधले आणि दहा उष्ण असे तीन गट पडतील. काहीच माहिती नसताना येणारा उन्हाळा यांपैकी कोणत्याही गटात पडण्याची शक्यता सारखीच, ३३ टक्के. गणिताने उष्ण गटाला ५५ टक्के दिले, तर नकाशावर तो प्रदेश लाल रंगतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘यंदा कडक उन्हाळा’ असा मथळा येतो. उरलेल्या ४५ टक्क्यांचा मथळा होत नाही. शिवाय ही शक्यता तीन महिन्यांच्या सरासरीची असते. अमुक आठवड्यात अमुक गावी काय होईल, याविषयी तीत एक अक्षरही नसते.

तरीही असा अंदाज शक्य होतो, याचे कारण समुद्राची स्मृती दीर्घ असते. पूर्व प्रशांत महासागर तापला, म्हणजे एल निन्यो आला, की त्याचा प्रभाव पुढील उन्हाळ्यापर्यंत रेंगाळतो. १९९७-९८ च्या एल निन्योनंतर ओडिशाची आपत्ती ओढवली. २००९-१० नंतर मे २०१० मध्ये अहमदाबादेत ४६.८ अंश तापमान झाले आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे संशोधकांनी दाखविले. २०१५-१६ नंतर फलोदीचा उच्चांक आला. २०२४ च्या एप्रिलमध्ये खात्याने नेहमीच्या चार ते आठ दिवसांऐवजी देशाच्या निरनिराळ्या भागांत दहा ते वीस दिवस उष्णतेच्या लाटा राहतील असे सांगितले. त्याही आधी एल निन्यो होता आणि चुरूने पुन्हा पन्नाशी ओलांडली.

परंतु या साखळीवर विसंबणे धोक्याचे आहे. २०२२ मध्ये प्रशांत महासागर थंड होता, तरी तो मार्च १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. पश्चिमेकडून येऊन पाऊस देणारे विक्षोभ त्या वर्षी कोरडे गेले, दाणा भरण्याच्या वेळी गहू होरपळला आणि १३ मे रोजी सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. २०२५ मध्ये उलट घडले. मार्चअखेरीच्या अंदाजात देशाच्या बहुतेक भागांत नेहमीपेक्षा अधिक तापमानाची शक्यता वर्तविली होती. एप्रिलमध्ये राजस्थान व गुजरातेत लाटा आल्याही. पण मे महिना देशात १९०१ पासूनचा सर्वांत पावसाळी मे ठरला आणि ११ जूनला अपेक्षित असलेला मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत येऊन थडकला. रोहिणी नक्षत्र नुकते लागले होते. उत्तरेत याच नऊ दिवसांना नौतपा म्हणतात आणि ते जितके तापतील तितका पाऊस चांगला, असे तेथील शेतकरी मानतात. त्या वर्षी पंचांग आणि संगणक दोघांनाही वळवाने चकविले. अंदाज खोटा ठरला असे म्हणणे मात्र बरोबर नव्हे. ५५ टक्के म्हणणाऱ्याने उरलेले ४५ टक्के नाकारलेले नसतात.

माझ्या मते अंदाजाची खरी उणीव निराळीच आहे. तो कोरड्या फुग्याच्या भाषेत बोलतो. उष्णतेची लाट जाहीर करण्याच्या नियमांतही हेच दिसते. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश, किनाऱ्यावर ३७ अंश आणि डोंगराळ भागात ३० अंश असावे आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असावे, तर ती लाट, फरक ६.४ अंशांपलीकडे गेला तर तीव्र लाट. ही स्थिती विभागातील दोन तरी केंद्रांवर सलग दोन दिवस असावी लागते. किनाऱ्यासाठी मर्यादा खाली आणली हे योग्यच, परंतु मुंबईत मे महिन्यातील ३५ अंशांचा व ६५ टक्के आर्द्रतेचा दिवस या व्याख्येत कधीच बसत नाही. त्या दिवशी ओला फुगा २९ अंश दाखवीत असतो.

रात्रीची व्यथा याहून मोठी. वाळवंटात रात्री शरीराला विसावा मिळतो. किनाऱ्यावर समुद्र रात्रीही उबदारच राहतो, हवेतील बाष्प जमिनीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि पत्र्याच्या छपराखाली झोपणाऱ्याला पहाटेपर्यंत विसावा मिळत नाही. खात्याने ‘उष्ण रात्र’ अशी संज्ञा केली आहे, पण दिवसाचे कमाल तापमान ४० अंशांच्या वर असेल तरच ती लागू होते. किनाऱ्यावरील कष्टकऱ्याची रात्र त्यामुळे हिशेबातून बहुधा निसटते. ही त्रुटी ओळखून कोकणासाठी ‘उष्ण व दमट हवा’ असा वेगळा इशारा दिला जाऊ लागला आहे आणि २०२३ पासून तापमान व आर्द्रता एकत्र करणारा उष्मा निर्देशांक प्रायोगिक स्वरूपात काढण्यात येत आहे. आणखी एक गुंता आहे. ‘नेहमीचे’ तापमान म्हणजे तीस वर्षांची सरासरी. पूर्वी ती १९८१ ते २०१० या काळाची होती, नंतर १९९१ ते २०२० ची धरली गेली. सरासरीच वर चढत गेली की तितकाच उष्ण दिवस कागदावर कमी असाधारण दिसू लागतो. शरीराला ही नवी सरासरी कोणी कळविलेली नसते.

अहमदाबादने २०१० च्या अनुभवानंतर २०१३ मध्ये जी उष्णता कृती योजना केली, ती देशातील पहिली होती. दिल्ली वा पुण्याचे मापदंड उसने न घेता आपल्याच शहरात किती अंशांवर मृत्यू वाढतात हे पाहून तिच्या इशाऱ्यांच्या पायऱ्या ठरविल्या गेल्या. हंगामी अंदाजाचा उपयोग अशा योजनेला होतो. मार्चअखेरीस नकाशा लाल दिसला तर महापालिका रुग्णालयांत बर्फ आणि क्षारपाण्याची तजवीज करू शकते, पाणपोया वाढवू शकते, बांधकामाच्या वेळा बदलण्याची बोलणी आधीच करू शकते. त्यानंतर दर गुरुवारी पुढील दोन आठवड्यांचा अंदाज येतो आणि दररोज पाच दिवसांचे रंगीत इशारे निघतात; समारंभ कोणत्या दिवशी व किती वाजता घ्यावा हे ठरवायचे ते यांवरून.

अमौसीचा फुगा सायंकाळी पुन्हा वर जातो. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एखाद्या दिवशी तो पश्चिमेकडे वाहताना दिसतो आणि खालच्या थरांतील आर्द्रतेचा आकडा एकदम वर गेलेला असतो. त्या रात्री सरोजिनी नगरातील घराघरांतून कूलरचे पाणी बंद करून नुसता पंखा लावतात.